सोळा प्लसची आत्या

माझी कडूबाई आत्या आमच्या गावात टँकरची रांग सांभाळायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. पगार नाही, शिट्टी नाही, फक्त आवाज.

गाव करमाडच्या पुढं. रस्त्याच्या पलीकडं कंपन्यांचे निळे पत्रे दरवर्षी थोडे थोडे जवळ यायचे आणि रस्त्याच्या अलीकडं मार्च लागला की विहिरीत फक्त पारवे राहायचे. कंपन्यांना पाइपलाइन, आम्हाला टँकर. तोही त्याच्या मर्जीनं यायचा. कधी दहाला, कधी चारला, कधी उद्या. एवढा वेळ उन्हात कोण उभं राहील? म्हणून आमच्याकडं माणूस नाही, हंडा उभा राहतो. हंडा रांगेत ठेवला की तो तुमचा नंबर. मग तुम्ही घरी जा, भाकरी थापा, झोप काढा, त्या हंड्याला कुणी हात लावायचा नाही. लावला की लिंबाखालून आवाज यायचा:

“ए मुडद्या! कुणाचा हंडा सरकवायलास? डोळे हायेत का बटणं? तुझं मढं बशिवलं, ठिव माघारी!”

आणि सरपंचाचा पोरगा असला तरी मुकाट्यानं माघारी ठेवायचा.

पहिली ते चौथी मी आत्याकडंच होते. पप्पा वाळूजला कंपनीत, आई तिथंच पॅकिंगला, दोघांच्या शिफ्टा अशा की घरी मला बघायला नुसत्या भिंती. अमृताताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, ती हॉस्टेलवर. सोळा साली, सगळ्यात वाईट उन्हाळ्यात, मी सात वर्षांची होते आणि आत्याच्या शेजारी लिंबाखाली बसून कुठला हंडा कुणाचा ते तोंडपाठ म्हणायचे. पोचा पडलेला भामाबाईचा, कानाला लाल चिंधी बांधलेला गोजरबाईचा. आत्याचा हंडा पितळी होता, सगळ्यांत जड, आणि तो कायम पहिला.

पाचवीला मला शहरात आणलं. मुकुंदवाडीत दोन खोल्या, आठ दिवसांनी नळाला पाणी, आणि वर्गात मी “काय करायलीस?” म्हटलं की सगळ्या पोरी फिदीफिदी. तीन-चार वर्षं मी वर्गात तोंडच उघडलं नाही. मग नववीत गॅदरिंगला सरांनी जबरदस्ती भाषणाला उभं केलं. मी ठरवलं, आत्या रांगेवर बोलते तसंच बोलायचं. बोलले. हॉल उठून टाळ्या वाजवत होता! तेव्हापासून मला बोलायला कुणीही चालतं. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

तर खेळाचं सांगते. ताईनं कॉम्प्युटरची डिग्री घेतली, कॉल सेंटरची नोकरी सहा महिन्यांत सोडली, आणि टी.व्ही. सेंटरला एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत चिन्मयदादासोबत मोबाइलवरचा खेळ बनवायला बसली. चिन्मयदादा तिच्या कॉलेजातला, समर्थनगरचा, आईवडील दोघं बँकेत. ताई चित्रं काढणार, तो कोडिंग करणार. पप्पा म्हणाले, “पुढच्या जूनपर्यंत कर काय करायचं ते. नाही जमलं तर पुण्याची नोकरी. कबूल?” ताई म्हणाली, कबूल.

खेळाचं नाव ‘नंबर’. तुम्ही गावात नवीन. हंडा रांगेत ठेवायचा, टँकर येईपर्यंत घरची कामं उरकायची, आणि वेळेवर परत यायचं. मध्ये घुसलात, कुणाचा हंडा हलवलात, तर लिंबाखालची बाई ओरडणार. ती बाई म्हणजे आत्या. दुसरं कोण असणार? ताईनं तिचं चित्र असं काढलं की पप्पा स्क्रीनसमोरून उठेचनात. नऊवारीचा ओचा, कपाळावर गोंदण, आणि टँकरची वाट बघताना दातांवरनं गोल गोल फिरणारं बोट.

आवाज मी आणला, खेळ ताईच्या नुसता डोक्यात होता तेव्हाच. बावीसच्या दिवाळीत गावी गेले, जुना फोन रेकॉर्डिंगला लावून स्टीलच्या डब्यात ठेवला, म्हणजे वाऱ्याचा आवाज येत नाही, आणि आत्याला म्हटलं, “आत्या, शिव्या दे.”

“कुणाला?”

“कुणालाही. समज मी हंडा सरकवला.”

“तू कशाला सरकवशील? तुला म्याच शिकिवलंय.”

“अगं समज ना!”

“समजून शिव्या येत न्हाईत बाई. तू सरकव, मंग देते.”

मग मी खरोखर अंगणात हंडे मांडले आणि दोन दिवस चोरटेपणा केला. ती खरोखर चिडली. एकशे बारा तुकडे मिळाले. ते मीच कापले, मीच नावं दिली, ‘मुडद्या एक’, ‘मुडद्या दोन’, ‘टवळी लांबलचक’.

यंदा फेब्रुवारीत आत्या गेली. शेवटचे तीन महिने तिला बोलताच येत नव्हतं. म्हणजे तिचा जो काही आवाज या जगात उरला होता, तो त्या खेळात होता. मला वाटायचं, खेळ शाळाशाळांत जाईल. कुणीतरी सिल्लोडला हंडा सरकवेल, कुणीतरी पैठणला, आणि आत्या सगळीकडं एकदम ओरडेल. मला दुसरं काहीच नको होतं.

एप्रिलमध्ये पुण्याहून वैदेही मॅडम आल्या. त्यांची कंपनी शाळांना टॅब पुरवते आणि त्यात मराठी खेळ टाकते. अट एकच, खेळाचं वय सात प्लसच्या वर नको. हे वय कसं ठरतं तर स्टोअरवर खेळ टाकताना एक भलीमोठी प्रश्नावली असते. मारामारी आहे का, रक्त आहे का, जुगार आहे का, अपशब्द, दारू, तंबाखू… आपण हो-नाही भरत जायचं आणि शेवटी आकडा मिळतो. ती चिन्मयदादानं एकट्यानं बसून भरली होती. आम्हाला मिळाले होते तीन प्लस. तीन! अंगणवाडीतलं लेकरू पण खेळू शकतं!

मॅडम पंख्याखाली बसल्या, टॅब मांडीवर घेतला, आणि मुद्दाम रांगेत घुसल्या. आत्या कडाडली. मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला.

“अगं बाई, कसली गोड आहे ही! आणि हे काय करतेय, दात घासतेय?”

“हो,” चिन्मयदादा म्हणाला. “दातवण. गावाकडची सवय असते.”

“दातवण नाही काही!” मी स्टुलावरून म्हणाले. मला राहवतं कुठं. “मिसरी आहे ती. मॅडम, तुम्हाला मिसरी माहीत नाही? तंबाखूचं पान असतं ना, ते तव्यावर भाजायचं, पार काळं होईस्तोवर. मग चुरायचं आणि डबीत भरायचं. आत्या दिवसातनं आठ-दहादा लावायची. मी स्वतः भाजून द्यायचे तिला चौथीत असताना. काय ठसका सुटतो घरभर!”

ताईनं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, शाबासकी.

“तंबाखू?” मॅडमनी विचारलं.

“तंबाखू?” चिन्मयदादानं विचारलं.

दोघं एकदमच. 

मॅडम चांगल्या होत्या, ओरडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, “अमृता, प्रश्नावली पुन्हा भरून मला आकडा कळव. मी शाळांना उत्तर देणारी बाई आहे गं.” चहा पूर्ण प्यायल्या आणि गेल्या.

त्या जिना उतरून गेल्या. मग सुरू झालं.

“तू मला सांगितलं का नाहीस?” चिन्मयदादा ताईला म्हणाला. “सहा महिने तू ते बोट फिरवतेयस स्क्रीनवर!”

“तू विचारलंस का?”

“दात घासण्याबद्दल काय विचारायचं असतं?”

“अरे पण मिसरीला कोण तंबाखू म्हणतं?” ताई म्हणाली आणि स्वतःच थांबली.

खरंच, कुणीच म्हणत नाही. आमच्याकडं व्यसन म्हणजे गुटखा, विडी, दारू, म्हणजे पुरुषांचं. मिसरी म्हणजे बायकांचं दातांचं. गावात व्यसनमुक्तीवाले आले होते तेव्हा आत्या सगळ्यांच्या पुढं बसली होती आणि हात वर करून शपथ घेतली होती, ओठाखाली मिसरी धरून. आमच्याकडं मिसरी रोज आणि चिन्मयदादाच्या घरी कधीच नाही. म्हणून लिहिलं त्यानं एकट्यानं, तरी तंबाखूच्या प्रश्नाचं ते ‘नाही’ दोघांचं होतं.

“आणि अपशब्द?” चिन्मयदादानं विचारलं. “त्याला पण मी नाहीच टाकलंय. तूच म्हणालीस त्या शिव्या नाहीत, तिचं बोलणं आहे.”

“मुडद्या म्हणजे शिवी का?” मी म्हणाले. “ते तर लाडानं म्हणतात.”

“संघमित्रा, तू आता जरा वेळ बोलूच नकोस,” ताई म्हणाली.

प्रश्नावली पुन्हा भरली. ताईनं प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचला आणि खरं ते लिहिलं. आकडा आला, सोळा प्लस.

“संपलं,” चिन्मयदादा म्हणाला. “शाळा गेल्या. आईबाप पोरांच्या फोनला कुलूप लावतात, त्या फोनवर हा दिसणारच नाही. आणि सोळाच्या वरची मुलं? ती बंदुका घेऊन फिरतायत. ती काय हंडे भरायला येणार?”

मी बोटांवर मोजत होते. मला पंधरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. म्हणजे ज्या आत्यानं मला न्हाऊ घातलं, तिला भेटायला मी अजून नऊ महिने लहान होते.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्यांना खेळ हवाच होता, तिथल्या लोकांनाही आवडला होता. फक्त मिसरी काढा, अपशब्द काढा, आणि ओरडणं जरा समजावण्यासारखं करा. मे अखेरपर्यंत द्या. दोनशेच्या वर शाळा आहेत.

ताई लगेच कामाला लागली. बोटाचं चित्र काढून टाकलं. आत्या नुसती हात मांडीवर ठेवून बसली, फोटो काढायला बसल्यासारखी. मग तुकडे. एकशे बारापैकी शिवी नसलेले किती, ते बघायला मला बसवलं. सहा निघाले. “ये.” “हं.” “नाय.” “पाय बघ, पाय.” “आला गं बाई टँकर!” आणि एक नुसता खोकला.

“बाकीचे तू बोल,” ताई म्हणाली. “तुझा आवाज तिच्या वळणाचाच आहे.”

मेच्या दुपारी, बेचाळीस डिग्री असताना, मी गोधडी पांघरून फोनसमोर बसले, कारण गोधडीत आवाज घुमत नाही. मॅडमनी वाक्यं लिहून पाठवली होती. मी वाचलं, “बाळांनो, रांगेत उभे राहा बरं का. दुसऱ्याच्या हंड्याला हात लावणं चांगलं नाही.”

गोधडीबाहेर ताई फुसकन हसली. मी पण हसले. मी पुन्हा म्हणाले, आणखी गोड आवाजात. या वेळी कुणीच हसलं नाही. मी गोधडी फेकली. घामानं माझे केस कपाळाला चिकटले होते.

“ही कोण बाई आहे?” मी विचारलं. “आत्यानं आयुष्यात कुणाला बाळांनो म्हटलं होतं का? तू तिला पुसून टाकायलीस, ताई. तिचं बोट पुसलंस, आता आवाज. त्या आकड्यासाठी!”

“आत्या कशानं गेली, संघमित्रा?”

मी गोधडी उचलून तिची घडी घालायला लागले.

“सांग ना. तुला तर बोलायला फार आवडतं. कशानं गेली?”

तोंडाच्या कॅन्सरनं गेली. मागच्या उन्हाळ्यात गालाच्या आत दुखायला लागलं, मिरची सोसेना, मग तोंड उघडेना. घाटी दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, “तंबाखू?” आत्यानं मान हलवली, नाही. पप्पा म्हणाले, “नाय साहेब, तिला कसलंच व्यसन नाय.” आणि शेजारी मी उभी होते. मी, तवा धरणारी. मलाही ते ‘नाही’ अगदी खरं वाटलं होतं. डॉक्टरांनी आत्याच्या दातांवर बॅटरी मारली आणि काय ते कागदावर लिहिलं.

“तो आकडा चुकीचा नाहीये,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “सहावीतली एखादी पोरगी ते बोट बघून तवा ठेवेल. आपण ठेवलाच होता ना? मला ते नकोय. पण मला ही बाळांनोवाली पण नकोय. मला आत्या पाहिजे. काय करू, तूच सांग.”

ताईला रडताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. 

चिन्मयदादा खाली चहा आणायला गेला होता तो परत आला, आमच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं, आणि आपल्या खुर्चीवर बसला. “मी तोपर्यंत तिला पूर्ण काढून खेळ कसा चालतो ते बघतो,” म्हणाला. “आवाज, चित्र, सगळं बंद करून.” त्यानं आत्याला बंद केलं. लिंबाखाली ती नव्हती. नुसता लिंब.

टँकर आला. बायका धावल्या. आणि रांग पुढं सरकेचना.

“बग आहे,” तो म्हणाला. “थांब… अरे, हंडा राहिला तिचा. तो वेगळ्या थरावर होता, मी फक्त माणूस काढला.”

स्क्रीनवर पितळी हंडा पहिल्या नंबरला उभा होता. त्याच्यामागं सगळी रांग थांबलेली. खेळातल्या बायकांना आम्हीच शिकवलं होतं, दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायचा नाही. त्या लावत नव्हत्या. टँकरचं पाणी नळीतून सांडत होतं आणि भामाबाई, गोजरबाई, सगळ्या त्या एका हंड्यामागं उभ्या.

“काढतो तोपण,” चिन्मयदादा म्हणाला.

“नको!” मी आणि ताई एकदम ओरडलो.

मग मी सांगितलं. गावात कधी कधी खरंच असं व्हायचं. टँकर आला आणि एखादी पोहोचली नाही, घरात आजारी असली, बाळंतीण असली, तर तिच्यामागची बाई आधी तिचा हंडा भरायची, बाजूला सावलीत ठेवायची आणि मग आपला लावायची. न आलेलीचा नंबर जात नसतो. हे आत्याचंच होतं, तिनंच घालून दिलेलं.

“म्हणजे खेळणाऱ्यानं आधी तो भरायचा?” चिन्मयदादानं विचारलं.

“आधी तो. मग आपला.”

“आणि हंडा कुणाचा, ते कुठं सांगायचं?”

ताई स्क्रीनकडं बघत होती. “कुठंच नाही,” ती म्हणाली.

तीन दिवसांत त्यांनी ते बसवलं. बाळांनोवाली बाई गेली, मी गोधडीतून सुटले. प्रश्नावलीत या वेळी सगळीकडं खरं ‘नाही’ होतं, आणि आकडा आला तीन प्लस. वैदेही मॅडमनी खेळून बघितला आणि फोन केला. ताईनं स्पीकरवर टाकला.

“तो पहिला हंडा, अमृता. त्याचं माणूस शेवटपर्यंत येतच नाही.”

“हो मॅडम.”

“मुलं विचारतील.”

“विचारू द्या.”

 मागं त्यांच्या ऑफिसातला कुकर की काय शिट्टी देत होता. मग म्हणाल्या, “ठीक आहे. राहू दे.”

जूनमध्ये खेळ शाळांच्या टॅबवर गेला. ताईला पुण्याला जावं लागलं नाही. पप्पांनी पेढे आणले आणि कंपनीत सगळ्यांना सांगितलं की माझ्या पोरीचा खेळ आहे, काय खेळ आहे विचारलं तर म्हणाले, “पाण्याचा.” मी आईच्या गळ्यात पडून नाचले वगैरे, सगळं केलं. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

पण मॅडम मुलांचे निरोप पाठवायच्या, ते मी वाचायचे आणि माझं मन कशात लागायचं नाही. ‘तो हंडा कोणाचा आहे?’ ‘ती कुठे गेली?’ सिल्लोडकडच्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘टँकरमध्ये एकच हंडा पाणी असले तर मी तिचा भरते आणि हरते, पण ती येत नाही.’ मला त्या मुलीला सांगायचं होतं, अगं, ती आली असती तर तुला काय काय बोलली असती! तुला वाटलं असतं जमीन फाटावी. आणि मग तिनंच तुला जवळ ओढून पदरानं तोंड पुसलं असतं. दोनशे शाळांमधली पोरं आत्याचा हंडा भरत होती आणि एकानंही तिला ऐकलं नव्हतं.

जुलैत ताईनं पहिला खेळ, आत्यावाला, तसाच स्टोअरवर टाकला. सोळा प्लस. कुणाला सांगितलं नाही, जाहिरात नाही. पंधरा दिवसांत चौऱ्याहत्तर जणांनी घेतला, त्यातले पाच आम्हीच, म्हणजे ताई, चिन्मयदादा, पप्पा, आई आणि गावातला कडुबा, ज्याच्याकडं गावातला सगळ्यात मोठा फोन आहे. मी नाही. माझ्या फोनला पप्पांनी शाळेच्या पालकसभेत शिकून कुलूप लावलंय. मी ‘नंबर’ टाइप केलं; गाड्यांचे नंबर आले, गणिताचे खेळ आले, लहान बाळांचे एक-दोन-तीन आले. स्क्रोल करत करत पार खालपर्यंत गेले. माझ्या फोनमध्ये आत्या नव्हतीच.

पप्पांना म्हटलं, कुलूप काढा. ते म्हणाले, “सोळा झाले की.” वर म्हणाले, “तिला कळलं ना तू मोबाइलला चिकटलेली असतीस, तर तिनंच आधी काढून घेतला असता.” खरं होतं ते.

मग एका रविवारी दुपारी ताई जेवून आडवी झाली, तिचा फोन उशीजवळ. मी हात लावला तर डोळे न उघडता म्हणाली, “घे. पण आवाज कमी ठेव.”

मी हेडफोन लावले आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले, कारण घरात तेवढंच गार असतं. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, पिंपात होतं थोडं.

मी हंडा ठेवला आणि लगेच पुढच्याचा सरकवला. सरळ, मुद्दाम, काही कारण नसताना.

“ए मुडद्या! कुणाचा हंडा सरकवायलास?”

मी हसले. पुन्हा सरकवला. ‘टवळी लांबलचक’ आली. पुन्हा. ‘मुडद्या दोन’. मला माहीत होतं पुढं काय येणार, मीच कापलेले ना सगळे. तिचं बोट दातांवरून फिरत होतं. त्या बोटाकडं बघताना मला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि तरी मला ते थांबायला नको होतं. दोन्ही एकाच वेळी. असं कसं होतं ते मला नीट लिहिता येत नाही.

मग मी शहाण्यासारखी खेळले. भाकरी केल्या, शेळी बांधली, वेळेवर आले, टँकर आला, भरला, गेला. असे सात दिवस असतात खेळात. चाळीस एक मिनिटं लागतात. शेवटच्या दिवशी रांग संपते, सगळे घरी जातात आणि लिंबाखाली आत्या एकटीच राहते. मला वाटलं आता नावं येतील, ताईचं आणि चिन्मयदादाचं.

नावं आली नाहीत. स्टीलच्या डब्यात काहीतरी खडखडलं.

“झालं का गं?” आत्या म्हणाली. हे मी कापलेलं नव्हतं. “किती येळ ते डबडं धरून बसायलीस? हात दुखल तुझा.”

“अजून एकदाच, आत्या,” दुसरा एक आवाज आला, बारीक, लाडावलेला. माझाच होता, तेरा वर्षांचा. “टँकर आला, असं म्हण ना एकदा.”

“आता न्हाय. दोन रोज झाले, नुसती वरडायले मी. घसा बसला बाई माझा. ये हितं, टेक जरा.”

मग पातळाची सळसळ, कुत्रं भुंकलं लांबवर, आणि कुणीतरी कुणाच्या तरी डोक्यावरून हात फिरवल्यावर केसांचा येतो तसा आवाज. तेवढंच. स्क्रीन काळी झाली.

ताई दारात उभी होती. कधी उठली कळलं नाही.

“तू फेकून दिलं होतंस ते,” ती म्हणाली. “कापताना उरलेलं. मी जपून ठेवलं होतं. हा खेळ शाळांसाठी नव्हता, आकडा सोळा झालेलाच होता. मग म्हटलं, आता कशाला कुणाला भ्यायचं, राहू दे सगळं.”

“परत कसं लावायचं ते?” मी विचारलं. “तेवढंच?”

“तेवढंच लागत नाही. सगळा खेळ पूर्ण करावा लागतो.”

“सातही दिवस?”

“सातही.”

ती जाऊन परत आडवी झाली. बाहेर कुणाची तरी मोटार सुरू झाली, गल्लीत पाइप ओढल्याचा आवाज आला. मी खेळ पुन्हा पहिल्यापासून उघडला आणि रांगेत सगळ्यांच्या मागं माझा हंडा ठेवला. पुढं एकोणीस होते.